‘स्पाय’, स्पश आणि स्पष्ट : चोरून पाहण्याच्या एका क्रियापदाची गोष्ट

१/
डबा दूर भिरकावला जातो. ज्याच्यावर राज्य आहे तो पळत जाऊन डबा आणतो, रिंगणात ठेवतो आणि लपलेल्यांना शोधू लागतो. कोणी दिसले, की त्याचे नाव घेऊन ‘ऐसपैस’ असा पुकारा होतो. महाराष्ट्रातील असंख्य वसाहतींतील मुले पिढ्यान्‌पिढ्या हा खेळ खेळत आली आहेत. ‘ऐसपैस’ म्हणजे प्रशस्त, मोकळे; मग लपाछपीच्या खेळात या शब्दाचे काय काम? काम काहीच नाही. तो मुळात ‘आय स्पाय’ हा इंग्रजी पुकारा आहे. मराठी जिभेवर तो आधी ‘आइसपाइस’ झाला आणि मग ओळखीच्या ‘ऐसपैस’ या शब्दाच्या अंगरख्यात शिरला. चोरून पाहण्याचे इंग्रजी क्रियापद असे नकळत मराठी अंगणात आले. या धाग्यात त्याच क्रियापदाचा मागोवा आहे.

२/
मागोव्याचा आरंभ भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगर येथून करणे योग्य ठरेल. नागपूर–भंडारा महामार्गालगतची ही वस्ती एका आयुधनिर्माणीसाठी वसली. १९६२ च्या चीन युद्धानंतर संरक्षण उत्पादन वाढविण्याची निकड निर्माण झाली. त्या दशकात येथे दारूगोळ्यासाठी लागणारी प्रणोदके आणि स्फोटके तयार करणारा कारखाना उभा राहिला. वसाहतीला देशाच्या पहिल्या पंतप्रधानांचे नाव मिळाले. १ ऑक्टोबर २०२१ पासून हा कारखाना ‘म्युनिशन्स इंडिया लिमिटेड’ या सरकारी कंपनीकडे आहे. अशा ठिकाणी दोन जगे शेजारीशेजारी नांदतात : शाळा, बाजार आणि मैदान असलेले एक, आणि कुंपणापलीकडचे दुसरे, ज्याच्याकडे पाहण्यालाही कायद्याच्या मर्यादा आहेत.

३/
प्रश्न साधा वाटतो. डोळे तेच, दृश्यही तेच. मग पाहणे कोठे संपते आणि हेरणे कोठे सुरू होते? एखादा प्रवासी महामार्गावरून कुंपणाकडे नजर टाकतो, एखादा निरीक्षक आत जाऊन तपासणी करतो, एखादा पत्रकार फाटकाशी उभा राहून माहिती विचारतो आणि एखादा शत्रूचा माणूस तेच सारे टिपून घेतो. चौघेही पाहतातच. त्यांच्यातील भेद भाषेने कसा ओळखला, आणि कायद्याने कसा, हे पाहू लागले की एका लहानशा क्रियापदाच्या पोटात साडेतीन हजार वर्षांचा इतिहास सापडतो.

४/
आधी इंग्रजीकडे. ‘स्पाय’ हा शब्द इंग्रजीत तेराव्या शतकाच्या सुमारास दिसू लागतो. तो आला जुन्या फ्रेंचमधील ‘एस्पिए’ या क्रियापदावरून. १०६६ नंतर इंग्लंडवर नॉर्मन लोकांचे राज्य होते. दरबार, न्याय आणि युद्ध यांतील शब्दांचा मोठा भरणा त्यांच्या फ्रेंच बोलीतून इंग्रजीत झाला. राज्यकर्त्यांच्या भाषेने चोरून पाहण्याचा शब्द पुरवावा, यात नवल नाही. फ्रेंचमध्ये मात्र तो परका होता. गॉल प्रांत जिंकणाऱ्या फ्रँक या जर्मानिक टोळ्यांच्या बोलीतून तो तेथे शिरला होता. आजच्या जर्मन भाषेतील ‘श्पेअन’ म्हणजे टेहळणे, हे त्याच घराण्यातले.

५/
फ्रेंचमध्ये ‘स्प’च्या आधी ‘ए’ कोठून आला? मराठी वाचकाला हे समजावून सांगावे लागत नाही. ‘स्कूल’चे ‘इस्कूल’ करणारी जीभ आणि ‘स्प’चे ‘एस्प’ करणारी जीभ एकाच अडचणीतून एकच वाट काढतात. शब्दारंभीचे जोडाक्षर जड जाते, म्हणून पुढे एक स्वर टेकू म्हणून येतो. इंग्रजीने पुढे हा टेकू बहुतांशी काढून टाकला, तरी ‘एस्पाय’ हे जुने रूपही शिल्लक राहिले. त्याचा अर्थ दुरून अचानक दृष्टीस पडणे असा सौम्य आहे. एकाच शब्दाची दोन भावंडे : एक नुसते पाहणारे, दुसरे लपून पाहणारे.

६/
या शब्दाच्याही मागे एक धातू आहे. भाषाशास्त्रज्ञ तो ‘स्पेक्’ असा मांडतात. अर्थ, लक्षपूर्वक पाहणे. हा धातू कोणत्याही शिलालेखात कोरलेला नाही. वंशज भाषांतील रूपे शेजारी ठेवून त्यांच्या पूर्वजाचा चेहरा अनुमानाने रेखाटलेला आहे, आणि म्हणूनच अशा रूपापुढे तारांकन करण्याची प्रथा आहे. २ फेब्रुवारी १७८६ रोजी सर विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीपुढे संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांचा उगम समान असावा, असे प्रतिपादन केले. त्यानंतरच्या शतकात या कुळाची मांडणी शास्त्रशुद्ध होत गेली. ‘स्पेक्’ हे त्या कुळातील एक प्रशस्त घर आहे.

७/
लॅटिनमध्ये या धातूचे ‘स्पेकेरे’ झाले आणि त्याच्या लेकी-नाती आज मराठीतही सहज वावरतात. पोलीस ठाण्यातला ‘इन्स्पेक्टर’ म्हणजे आत पाहणारा. ‘रिस्पेक्ट’ म्हणजे मागे वळून पुन्हा पाहणे; ज्याच्याकडे पुन्हा पाहावेसे वाटते तो आदरणीय. ‘सस्पेक्ट’ म्हणजे खालून, पापण्यांच्या आडून पाहणे. त्यातून संशयित जन्मतो. आदर आणि संशय यांत एका उपसर्गाचे अंतर आहे. मैदानाच्या कडेला बसलेला ‘स्पेक्टेटर’ही याच कुळातला, फक्त त्याने तिकीट काढलेले असते.

८/
ग्रीक भाषेत याच धातूचे व्यंजन जागा बदलून बसले : ‘स्पेक्’चे ‘स्केप्’ झाले. हेही मराठी कानाला नवे नाही. ‘नुकसान’चे ‘नुस्कान’ आणि ‘मतलब’चे ‘मतबल’ असेच होते. त्या उलट्या रूपातून ‘टेलिस्कोप’ आणि ‘मायक्रोस्कोप’ आले. ‘स्केप्टिक’, म्हणजे नीट पाहिल्यावाचून विश्वास न ठेवणारा, तोही तेथलाच. ख्रिस्ती धर्मव्यवस्थेतील ‘बिशप’ हे पद मुळात ग्रीक ‘एपिस्कोपोस’, म्हणजे वरून लक्ष ठेवणारा. दुर्बीण, शंका आणि धर्मगुरू यांना जोडणारा धागा पाहण्याचाच आहे.

९/
आता संस्कृतकडे. येथे हा धातू दोन रूपांत दिसतो. एक ‘पश्य’ : पाहणे या अर्थाच्या ‘दृश्’ धातूची वर्तमानकाळातील रूपे संस्कृतात ‘पश्यति’ अशी होतात, आणि आरंभीचा ‘स’ तेथे गळलेला आहे. इगतपुरीच्या धम्मगिरीवर शिकविल्या जाणाऱ्या ‘विपश्यना’ साधनेच्या नावात हेच पाहणे आहे. तेथे साधक स्वतःवरच लक्ष ठेवतो. दुसरे रूप ‘स्पश्’, ज्यात आरंभीचा ‘स’ टिकून राहिला. त्यापासून झालेला ‘स्पश’ हा शब्द म्हणजे चक्क हेर. इंग्रजीतला ‘स्पाय’ आणि वेदांतला ‘स्पश’ यांचे साम्य योगायोगाचे नाही. ती दूरच्या दोन देशांत वाढलेली सख्खी चुलत भावंडे आहेत.

१०/
हे हेर कोणाचे? वरुणाचे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील पंचविसाव्या सूक्तात सोनेरी वस्त्र ल्यालेल्या वरुणाभोवती त्याचे स्पश बसलेले दिसतात. दहाव्या मंडलातील यम-यमी संवादात यम बहिणीला बजावतो, की देवांचे हेर येथे फिरत असतात, ते थांबत नाहीत आणि डोळेही मिटत नाहीत. अथर्ववेदाच्या चौथ्या कांडातील सोळावे सूक्त तर अंगावर काटा आणणारे आहे. दोघे जण एकांतात बसून जी मसलत करतात ती तिसरा असलेल्या वरुणाला कळते. त्याचे सहस्र डोळ्यांचे हेर पृथ्वीवर नजर ठेवून असतात. माणसांच्या पापण्यांची उघडझापही त्याने मोजलेली असते.

११/
या कल्पनेत भय आहे, पण एक अटही आहे. वरुण हा ऋताचा, म्हणजे विश्वाच्या सत्य व्यवस्थेचा रक्षक. त्याचे हेर पाहतात ते कोण खोटे बोलतो हे ओळखण्यासाठी. शिवाय ते पाहत आहेत हे सर्वांना ठाऊक आहे. सूक्त म्हणणारा स्वतःच ते जाहीर करतो. सर्वांवर पाळत ठेवणारी सत्ता स्वतः सत्याला बांधलेली असली पाहिजे, ही ती अट. पुढे हेर देवांकडून राजांकडे आले, तेव्हा सहस्र डोळे राहिले. अटीचे काय झाले हा प्रश्न मात्र उरला.

१२/
कौटिलीय अर्थशास्त्राने हेरगिरीला खात्याचे रूप दिले. गूढपुरुषांचे दोन वर्ग तेथे आहेत : एका ठिकाणी राहून काम करणारे आणि फिरते. कपटी विद्यार्थी, वैराग्यातून परतलेला संन्यासी, गृहस्थ, व्यापारी आणि तापस यांच्या वेषांतील हेर पहिल्या वर्गात येतात. सत्री, तीक्ष्ण, विष घालणारा रसद आणि भिक्षुकी दुसऱ्या वर्गात. एकमेकांना न ओळखणाऱ्या तीन हेरांची बातमी जुळली तरच ती ग्राह्य धरावी, असा दंडक आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा दंडक ओळखीचा वाटेल. स्वतंत्र साधने ताडून पाहण्याची रीत याहून वेगळी नाही.

१३/
अमरकोशात हेराला अनेक पर्याय आहेत : चर, चार, गूढपुरुष, प्रणिधी, अपसर्प, यथार्हवर्ण आणि स्पश. यांतील बहुतेक शब्द हेराच्या पायांविषयी किंवा वेषाविषयी बोलतात. चर म्हणजे फिरणारा, अपसर्प म्हणजे हळूच सरकणारा, यथार्हवर्ण म्हणजे प्रसंगाला साजेल तसे रूप घेणारा. डोळ्यांविषयी बोलतो तो एकटा स्पश. माघ कवीने शिशुपालवधात यावर एक सुंदर श्लेष साधला आहे. पतंजलीच्या महाभाष्याच्या पहिल्या आह्निकाचे नाव ‘पस्पशा’. माघ सुचवितो, की पस्पशेवाचून व्याकरण जसे शोभत नाही, तशी स्पशांवाचून राजनीती शोभत नाही.

१४/
आणि आता या कुळातील सर्वांत अनपेक्षित नातेवाईक : ‘स्पष्ट’. रोजच्या मराठीतला हा शब्द त्याच ‘स्पश्’ धातूपासून बनलेला आहे. जे नीट पाहिले गेले ते स्पष्ट. म्हणजे गुप्ततेचा सर्वांत जुना शब्द आणि उघडेपणाचा सर्वांत नेहमीचा शब्द एकाच पाळण्यात वाढले. हेराने पाहिलेले त्याच्या धन्यापुरते स्पष्ट असते, इतरांसाठी ते गूढच राहते. सर्व वाद येथून पुढे याच एका गोष्टीचा आहे : पाहिलेले कोणासाठी स्पष्ट व्हावे?

१५/
स्पश हा शब्द इंग्रजांच्या नजरेस आणणाऱ्या आरंभीच्या अभ्यासकांत एकाचा संबंध थेट विदर्भाशी येतो. हेन्री थॉमस कोलब्रुक १७९९ ते १८०१ या काळात ईस्ट इंडिया कंपनीचा वकील म्हणून नागपूरला, दुसऱ्या रघुजी भोसल्यांच्या दरबारी होता. भंडारा तेव्हा त्याच राज्यात होते. राजांना कंपनीच्या मैत्रीत ओढण्याचे त्याचे काम साधले नाही. पुढे १८०५ मध्ये त्याचा वेदांवरील प्रसिद्ध निबंध आला आणि १८०८ मध्ये इंग्रजी अर्थांसह अमरकोश श्रीरामपूरच्या छापखान्यातून बाहेर पडला. कामंदकाच्या नीतिसारात दूत म्हणजे उघड हेर, असे म्हटले आहे. नागपुरात उघड हेराचे काम केलेल्या माणसाने हेरांच्या पर्यायांची यादी इंग्रजी वाचकांपुढे ठेवावी, हा इतिहासाचा मिस्कीलपणा म्हणावा लागेल.

१६/
मराठीने मात्र ‘स्पश’ जपला नाही. तिने आपले शब्द वेगळे घडविले. ‘हेर’ या शब्दाचे नाते संस्कृत कोशांतील ‘हेरिक’ या शब्दाशी लावले जाते. त्याच्या क्रियापदाचा स्वभाव पाहण्यासारखा आहे : शत्रूचे कच्चे दुवे हेरतात, संधी हेरतात, आणि गुरुजी वर्गातला हुशार मुलगाही हेरतात. ‘पाळत’ या शब्दात ‘पाळणे’ ऐकू येते, जणू राखण आणि नजर यांची सीमा पुसट झाली आहे. ‘टेहळणी’ला बुरूज लागतो, ‘कानोसा’ घ्यायला कान लागतो, ‘डोकावायला’ डोके पुढे काढावे लागते. आणि भिंतींना कान असतात, हे तर प्रत्येक घरात सांगितले जाते.

१७/
सतराव्या-अठराव्या शतकांतील कागदांत भेटतो तो ‘जासूद’. ‘जासूस’ या मूळ अरबी शब्दाचे हे मराठी रूप. त्याच्या धातूचा अर्थ हाताने चाचपणे, नाडी पाहणे. सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजी येथे लिहिल्या गेलेल्या सभासद बखरीत बहिर्जी हा जासूद म्हणून येतो. सुरत मारल्यास अगणित द्रव्य मिळेल, ही बातमी त्याने आणल्याचे बखर सांगते. १६६४ ची सुरतेची स्वारी ही त्या माहितीची परिणती. बहुरूपी बहिर्जीच्या आज प्रचलित असलेल्या असंख्य कथांना समकालीन आधार फारच थोडा आहे. पण ज्या हेराचे सारे तपशील कागदावर उरले, तो हेर कसला, असेही म्हणता येईल.

१८/
पेशवाईत जासूद हा पत्रे पोचविणाराही असे आणि बातमी काढणाराही. वाटेत एकाला काही झाले तरी पत्र पोचावे, म्हणून ते जोडीने धाडले जात. ‘जासूदजोडी’ हा शब्द पत्रव्यवहारात वारंवार येतो. दिल्लीला हिंगणे आणि हैदराबादला गोविंदराव काळे यांच्यासारखे वकील पुण्याला सतत बातमीपत्रे पाठवीत. या व्यवहारातला एक शब्द आज सर्वांच्या ओळखीचा आहे : ‘बातमीदार’. जुन्या मराठीत तो गुप्त खबर आणणाऱ्यालाही लागे. आज तो वर्तमानपत्राचा प्रतिनिधी आहे. हेर धन्याच्या कानात सांगतो, बातमीदार चव्हाट्यावर सांगतो. शब्द तोच राहिला, ऐकणारा बदलला, आणि या एका बदलात आधुनिक काळ सामावला आहे.

१९/
हा बदल वसाहतकालीन राज्यकर्त्यांना पचणारा नव्हता. १८८९ मध्ये ब्रिटनमध्ये शासकीय गुपितांविषयी कायदा झाला आणि त्याच वर्षी हिंदुस्थानातही. लॉर्ड कर्झनच्या काळात त्यात दुरुस्ती करून लष्करी आणि आरमारी बाबींबरोबर मुलकी कारभारालाही गुप्ततेचे कवच देण्याचे विधेयक आले. केंद्रीय कायदे मंडळात गोपाळ कृष्ण गोखले यांनी डिसेंबर १९०३ आणि मार्च १९०४ मधील भाषणांत त्याला विरोध केला. किल्ल्याचा नकाशा आणि कचेरीतला कागद एकाच मापाने मोजले, तर वर्तमानपत्रांचे तोंड बंद होईल, हे त्यांच्या विरोधाचे मर्म होते. ज्या देशात लोकांना राज्यकारभारात वाटा नाही, तेथे वृत्तपत्र हाच काय तो आधार. विधेयक तरीही संमत झाले.

२०/
१९११ साली ब्रिटनने जर्मनीच्या धास्तीने नवा, अधिक कठोर कायदा घाईघाईने केला. त्याच्या धर्तीवर १९२३ चा हिंदुस्थानचा शासकीय गुपिते अधिनियम बेतला गेला, आणि स्वतंत्र भारतात तोच, काही दुरुस्त्यांसह, आजही लागू आहे. त्याच्या तिसऱ्या कलमाच्या इंग्रजी मथळ्यात आपले क्रियापद विराजमान आहे : ‘स्पाइंग’साठी शिक्षा. गंमत अशी, की व्याख्यांच्या कलमात ‘स्पाय’ची व्याख्याच नाही. राज्याच्या सुरक्षिततेला वा हिताला बाधक हेतूने निषिद्ध स्थळाजवळ जाणे, त्याची पाहणी करणे, त्यावरून जाणे, परिसरात असणे, आत शिरणे, नकाशा काढणे अशी कृत्यांची यादी आहे. पाहणी करण्यासाठी तेथे वापरलेले ‘इन्स्पेक्ट’ हे क्रियापद मथळ्यातल्या ‘स्पाय’चे सख्खे नातलग आहे, हे कायदा लिहिणाऱ्यांच्या ध्यानी आले असेल का?

२१/
संरक्षण साहित्याचा कारखाना हे या कायद्याच्या अर्थाने निषिद्ध स्थळ असते, आणि तेथील हेरगिरीला चौदा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. हे अवास्तव नाही. स्फोटके कशी, किती आणि कोठे बनतात हे शत्रूला कळू नये, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. जवाहरनगरसारख्या वसाहतींनी हा नियम मुकाट्याने अंगी बाणवलेला असतो. घरातला कर्ता माणूस कुंपणापलीकडे नेमके काय करतो, हे घरात विचारायचे नसते, हा तेथील अलिखित शिष्टाचार. गुप्ततेचा भार केवळ फाटकावरचा पहारेकरी वाहत नाही. तो जेवणाच्या ताटावरही वाहिला जातो.

२२/
२४ जानेवारी २०२५, शुक्रवार. सकाळी साडेदहाच्या सुमारास या आयुधनिर्माणीत भीषण स्फोट झाला. एका इमारतीचे छत कोसळले. आवाज कित्येक किलोमीटरवर ऐकू गेला. त्या दिवशी आठ कामगारांचा मृत्यू झाला, आणखी काही जखमी झाले. बातमी पसरताच प्रवेशद्वाराबाहेर नातेवाईक आणि गावकरी जमले. त्यांना कोणतेही सूत्र नको होते, कोणताही नकाशा नको होता. आत कोण होते, कोण वाचले आणि हे कसे घडले, एवढेच त्यांना पाहायचे होते. कुंपणाकडे लागलेले ते डोळे हेराचे नव्हते. पण कुंपण डोळ्यांत भेद करू शकत नाही. तो भेद माणसांनी आणि नियमांनी करायचा असतो.

२३/
हा भेद करण्याचे एक साधन महाराष्ट्राने देशाच्या आधी घडविले. राज्याचा माहितीच्या अधिकाराचा कायदा २००२ चा. केंद्रीय कायदा २००५ चा. केंद्रीय कायद्याच्या बाविसाव्या कलमात १९२३ च्या अधिनियमाचे नाव घेऊन सांगितले आहे, की विसंगती असेल तेथे माहितीचा अधिकार वरचढ ठरेल. देशाच्या सुरक्षिततेची माहिती देण्याचे बंधन नाही, हेही त्याच कायद्यात आहे. मात्र माहिती उघड करण्यातील लोकहित तिच्या गुप्ततेतून होणाऱ्या रक्षणापेक्षा मोठे असेल, तर ती देता येते. १९०४ साली गोखले ज्या वजनकाट्याची मागणी करीत होते, तो शंभर वर्षांनी कायद्यात आला. तो नीट धरला जातो की नाही, हे प्रत्येक प्रकरणात पाहावे लागते.

२४/
मागे वळून पाहिले तर या क्रियापदाचा प्रवास असा दिसतो. आरंभी केवळ लक्षपूर्वक पाहणे. मग देवाचे पाहणे, सत्यासाठी आणि सर्वांना ठाऊक असलेले. मग राजाचे पाहणे, वेषांतराचे आणि लपलेले. मग साम्राज्याचा कायदा, ज्यात प्रजेने राज्याकडे पाहणे हाच संशयाचा विषय झाला. वरुणाचे डोळे उलटे फिरले. आणि अखेर नागरिकाचे पाहणे, ज्याला आजच्या मराठीत मागण्यासाठी एकच शब्द आहे : स्पष्टीकरण. आठ घरांच्या उंबरठ्यावर जो शब्द अश्रूंसह उच्चारला गेला असेल, त्याच्या पोटात ‘स्पश्’ हा धातू अजून जागा आहे.

२५/
शेवटी पुन्हा त्या डब्याकडे. खेळातल्या मुलाला कोणी नुसते दिसून चालत नाही. त्याने नाव घेऊन, सर्वांना ऐकू जाईल असे, मोठ्याने ‘ऐसपैस’ म्हणायचे असते. दिसूनही जो गप्प राहिला, त्याचे पाहणे खेळात धरले जात नाही. नाव चुकले तरी डाव त्याच्यावरच उलटतो. आणि लपलेल्यांपैकी कोणी धावत येऊन डबा उडविला, तर पकडलेले सारे मोकळे होतात. पाहिलेले उघड सांगावे, नेमके सांगावे, आणि चुकल्यास किंमत मोजावी : मुलांनी हा नियम कोणत्याही अधिनियमावाचून केला आणि पाळला. ‘ऐसपैस’ हा अपभ्रंश मग तितकासा चुकीचा वाटत नाही. पाहणे उघड झाले, की जागा खरोखरच थोडी मोकळी होते.

ज्या वाचकांच्या गावी या खेळाला वेगळे नाव आहे, किंवा हेर, पाळत, टेहळणी यांसाठी घरचा एखादा जुना शब्द आहे, त्यांनी तो खाली अवश्य नोंदवावा. कोशांत न आलेले शब्दही पाहिले गेले पाहिजेत.

धागा समाप्त.